वाचकांचे प्रश्न : ‘तिथे आधी कोणी नव्हतंच’ हे कुणी ठरवलं?

मागच्या अंकात युरोपियन वसाहतींच्या आधी त्या-त्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांवर आपण लेख छापला होता. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अख्खा अंक लागेल, म्हणून सारखेसारखे प्रश्न एकत्र करून त्यातले आठ घेतलेत. एकदोन उत्तरं लांबलीत, पण ती आखडती घेतली असती तर प्रश्नावर अन्याय झाला असता.

प्रश्न : ताई, मेक्सिको आणि पेरूत मोठी शहरं होती हे मान्य, पण आत्ता जिथे अमेरिका देश आहे तिथे तर तंबूत राहणारे आणि बायसनच्या मागे फिरणारेच लोक होते ना? आम्हाला तरी शाळेत असंच शिकवलंय. (एक निवृत्त बँक कर्मचारी)

मलाही शाळेत हेच शिकवलं होतं. पण मिसिसिपी नदीवर आजचं सेंट लुइस शहर आहे ना, त्याच्या समोरच्या तीरावर काहोकिया नावाची साइट आहे, आणि तिथे सन १०५० च्या सुमाराला एक अख्खं शहर उभं राहिलं, मधे सपाट करून घेतलेलं मोठं मैदान, भोवती घरांच्या रांगा आणि मातीची शंभरावर टेकाडं. भरभराटीच्या काळात दहा ते वीस हजार लोक तिथे राहत असावेत असा अंदाज आहे. सगळ्यात मोठं टेकाड ३० मीटर उंच आणि त्याचा पायथा साधारण १४ एकरांचा, आणि हे सगळं माणसांनी पाट्या वाहून रचलेलं, कारण ओझ्याला जनावर नव्हतं की गाडी नव्हती. अशा टेकाडाचा उभा छेद घेतला की त्यात पाटी न् पाटी दिसते, काळ्या मातीचा एक ठिपका, शेजारी पिवळट चिकणमातीचा, त्याच्यावर राखाडी, म्हणजे कुणीतरी एका खेपेला जेवढी माती आणून ओतली तेवढीच ती, हजार वर्षं जागच्या जागी. मी तसा छेद पहिल्यांदा फोटोत पाहिला तेव्हा कितीतरी वेळ पान उलटवलं नव्हतं.

तिथल्याच एका छोट्या टेकाडात (त्याचा यादीतला नंबर ७२) एका दफनात शिंपल्यांच्या जवळपास वीस हजार मण्यांचा थर निघाला, आणि ते शिंपले आले होते पार मेक्सिकोच्या आखातावरून. त्याच टेकाडात ओळीने पुरलेल्या तरुण बायकाही निघाल्या, बहुधा बळी दिलेल्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ते सगळे निसर्गाची भोळी लेकरं होते असं रंगवणं म्हणजे पुन्हा त्यांना आपल्यासारखी माणसं न मानणंच झालं. त्यांच्यातही सत्ता होती, व्यापार होता, क्रौर्य होतं.

मग हे शाळेत का नाही आलं? तर एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांना अशी टेकाडं जागोजागी दिसायला लागली तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की हे कुठल्यातरी नष्ट झालेल्या वेगळ्याच जमातीचं काम, कुणी म्हणे इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या, कुणी म्हणे व्हायकिंग, म्हणजे कुणीही चालेल पण समोर दिसणारे लोक नकोत. आणि ही नुसती गप्पांची गोष्ट राहिली नाही. १८३० साली मूळ लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात हीच टेकाडं पुढे केली, की बघा, इथे आधी एक बलाढ्य वंश होता, तो नाहीसा झाला आणि त्याच्या जागी हे रानटी आले, म्हणजे आता यांच्या जागी आम्ही आलो तर त्यात नवल काय. खरं तर त्याच्या आधी चाळीसेक वर्षं थॉमस जेफरसनने व्हर्जिनियात एक टेकाड पद्धतशीर खणून हाडांचे थर नोंदवले होते, आणि सोबत असंही लिहून ठेवलं होतं की तीसेक वर्षांपूर्वी त्या भागातून जाणारे काही मूळ लोक कुणालाही वाट न विचारता रानातून थेट त्याच टेकाडापाशी गेले, तिथे दुःख करत थांबले आणि मग सहा मैलांवरच्या हमरस्त्याला परत लागले. ज्यांना वाट विचारावी लागली नाही त्यांचं त्या जागेशी नातं नव्हतं असं कसं म्हणायचं? सरकारी पातळीवर ही ‘हरवलेल्या वंशा’ची थिअरी मोडून काढणारा सायरस थॉमसचा मोठा रिपोर्ट यायला १८९४ साल उजाडलं, तोवर जमिनी कधीच गेल्या होत्या. सेंट लुइस शहरातली टेकाडं तर शहरवाल्यांनीच संपवली, त्यातल्या सगळ्यात मोठ्याची माती १८६९ पर्यंत रेल्वेच्या भरावाला गेली. तिथलं एक शेवटचं उरलेलं टेकाड २००९ साली ओसेज या मूळ जमातीच्या लोकांनी स्वतः पैसे मोजून विकत घेतलं.

आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वेची कथा इतकी सारखी आहे की वाचताना कसंतरी होतं. चुना न वापरता रचलेल्या ११ मीटर उंच दगडी भिंती, स्थानिक शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलेल्या, आणि वसाहतवाले म्हणत राहिले की हे फिनिशियन लोकांचं नाहीतर शेबाच्या राणीचं. ते सिद्ध करायच्या नादात एकाने आतले आफ्रिकन वस्तीचे थरच्या थर कचरा म्हणून उपसून फेकून दिले. १९०५ ला डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ ला गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी स्वच्छ सांगितलं की काम आफ्रिकन लोकांचंच आहे, तरीही तिथलं गोरं सरकार पुढे कित्येक वर्षं ते ऐकायला तयार नव्हतं.

प्रश्न : ज्यांच्याकडे लिपीच नव्हती त्यांचा इतिहास कसा काय कळणार? (अकरावीचा विद्यार्थी)

तुझा प्रश्न छान आहे, पण आधी एक दुरुस्ती. माया लोकांकडे चांगली पूर्ण विकसित लिपी होती आणि झाडाच्या सालीच्या कागदाची पुस्तकंही होती, ती १५६२ च्या जुलैत मेक्सिकोच्या युकातान भागातल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने जाळली. आज जगात अशी फक्त चार पुस्तकं शिल्लक आहेत. त्याच लांदाने एका माया माणसाकडून काही अक्षरचिन्हं लिहून घेतली होती आणि १९५२ मधे युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाने त्याच कागदाच्या आधाराने लिपी वाचायचा रस्ता शोधला.

आता पेरूच्या इंका राज्याकडे वळू, तिथे शाईने लिहीत नव्हते, दोरीने लिहीत होते. त्याला खिपू म्हणतात. एक जाड आडवी दोरी, तिला लोंबणाऱ्या दहा-वीस किंवा शेकडो बारीक दोऱ्या, रंगीत, कधी सुती कधी लामा-अल्पाका या जनावरांच्या लोकरीच्या, आणि प्रत्येकीवर गाठी. मनात धर की तुझ्या हातात त्यातली एक दोरी आहे आणि तिच्यावर ३५२ हा आकडा आहे. वरच्या टोकापाशी एकमेकींना लागून तीन साध्या गाठी लागतील, ते शतक. मग थोडी मोकळी जागा, मग पाच साध्या गाठी, ते दशक. आणि खाली एकच गाठ पण ती दोन वेढ्यांची, लांबट, ते एकक. एककाच्या जागी ‘एक’ असेल तर आठच्या आकड्यासारखी वेगळी गाठ, आणि शून्य असेल तर जागा रिकामी. म्हणजे गाठ कोणत्या प्रकारची आहे यावरूनच कळतं की आकडा इथे संपला. डोळे मिटून नुसत्या बोटांनी वाचता येईल अशी ही व्यवस्था. हे आकड्यांचं कोडं लेलँड लॉक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९१२ मधे उलगडलं.

हे वाचणाऱ्या जाणकारांना खिपूकामायोक म्हणत आणि सुरुवातीला स्पॅनिश लोकही त्यांचा हिशोब मानत होते. १५६१ च्या सुमाराला हाउहा खोऱ्यातल्या सरदारांनी लिमाच्या न्यायालयात खिपू वाचून दाखवले, की तुम्ही आल्यापासून आम्ही तुम्हाला एवढे लामा, एवढा मका, एवढी माणसं दिली आणि तुमच्या लोकांनी एवढं लुटलं, आणि ते सगळं कोर्टाच्या कागदावर उतरवून घेतलं गेलं. पण १५८३ च्या लिमा इथल्या धर्मसभेने ठरवलं की यात मूर्तिपूजा दडलेली आहे, जाळून टाका. आज जगभरातल्या संग्रहालयांत मिळून हजाराच्या आसपास उरलेत. सगळे नुसते आकडे नसावेत, काहींमधे नावं किंवा हकीकतीही असतील असं अभ्यासकांना वाटतं आणि त्यावर काम चालू आहे. पेरूतल्या तुपिकोचा गावात अजूनही दरवर्षी गावसभेला नवे पदाधिकारी जुने खिपू अंगावर घेऊन उभे राहतात.

तेव्हा लिपी नव्हती हे वाक्य वाचलंस की आधी विचार, की नव्हती, की जाळली, की आपल्याला वाचता येत नाही?

प्रश्न : अमेरिकेतले बहुतेक लोक देवीच्या साथीने मेले असं वाचलं. मग त्यात वसाहतवाल्यांचा दोष कसा? रोग काही त्यांनी ठरवून आणला नव्हता. (एक डॉक्टर वाचक)

डॉक्टर, साथींनी भयानक संहार केला यात वाद नाही, १५२० मधे अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान वेढ्यात पडायच्या आधीच देवीने पोखरली होती. पण हिस्पानियोला बेटाच्या तारखा जरा जवळून बघा (आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक). कोलंबस तिथे पोचला १४९२ ला. १४९५ पासून त्याने सोन्याच्या भागातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येक तायनो माणसावर (तायनो म्हणजे तिथले मूळ रहिवासी) खंडणी बसवली, दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधतात तेवढी घंटी भरून सोनं, ते दिलं की गळ्यात तांब्याचा बिल्ला मिळायचा, बिल्ला नसेल तर शिक्षा. नंतर अख्खी गावंच्या गावं खाणीवर आणि मळ्यांवर वाटून दिली. पेरणीच्या वेळी माणूस खाणीत, मग शेतात काय उगवणार आणि घरी काय शिजणार? १५११ मधे आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने चर्चमधे उभं राहून आपल्याच लोकांना विचारलं की ही माणसं नाहीत का. १५१४ ला मजुरांच्या वाटपासाठी मोजणी झाली तेव्हा २६ हजारांच्या आसपास लोक उरले होते, आणि आधी किती होते याचे अंदाज काही लाखांपासून त्याच्याही पुढे जातात. देवीची मोठी साथ तिथे आली ती १५१८ च्या अखेरीस! म्हणजे साथ यायच्या आधीच समाज मोडलेला होता. उपाशी, विस्थापित, राबवून घेतलेल्या माणसांत साथ कशी पसरते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तायनो संपले असं आपण सगळेच लिहीत आलो, मीही लिहिलंय. पण २०१८ मधे बहामातल्या एका गुहेत मिळालेल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या दातातून डीएनए मिळाला आणि त्याचं नातं आजच्या पोर्तो रिकोतल्या लोकांशी जुळलं. त्यांच्यातले कितीतरी जण आम्ही तायनो आहोत असं आधीपासूनच सांगत होते.

प्रश्न : ‘रेड इंडियन’ म्हणायचं की ‘नेटिव्ह अमेरिकन’? (एक गृहिणी)

‘रेड इंडियन’ तर सोडूनच द्या. शक्य तिथे त्या-त्या जमातीचं नाव वापरा, लाकोटा, ओसेज, चेरोकी असं. आपण ज्यांना नावाहो म्हणतो ते स्वतःला दिने म्हणतात.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात शेती नव्हती, पक्की घरं नव्हती, मग ती जमीन ‘कुणाचीच नाही’ असं इंग्रजांनी धरलं यात कायद्याच्या दृष्टीने चूक काय? (कायद्याची विद्यार्थिनी)

आधी वस्तुस्थिती बघू. व्हिक्टोरिया राज्यात बज बिम नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे, त्याच्या लाव्हाच्या दगडांतून गुंडिटजमारा लोकांनी पाण्याचे पाट, बांध आणि तळी काढली, ईल मासा त्यात वळवायचा, वाढवायचा, आणि अरुंद तोंडाशी विणलेल्या लांब टोपल्या लावून पकडायचा. यातली सगळ्यात जुनी बांधणी ६,६०० वर्षांपूर्वीची आहे. शेजारी दगडी पायाच्या घरांचे अवशेष आहेत. २०१९ मधे युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून घेतली आणि त्यानंतरच्या तिथल्या उन्हाळ्यातल्या वणव्यात गवत जळाल्यावर आणखी पाट उघडे पडले. हे सगळं इंग्रजांच्या डोळ्यांसमोरच होतं, पण नांगर आणि कुंपण नाही म्हणजे मालकी नाही असं त्यांनी धरलं. आता कायदा, तर एडी माबो या टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या माणसाने आणि त्याच्या साथीदारांनी लढलेल्या केसमधे ३ जून १९९२ ला तिथल्या हायकोर्टानेच (ते त्या देशाचं सर्वोच्च न्यायालय) ही समजूत फेटाळली. माबो त्याच्या साडेचार महिने आधीच वारला होता, निकाल त्याला ऐकायला मिळाला नाही.

प्रश्न : तोंडी आठवणींना इतिहास म्हणणं मला पटत नाही, पिढ्यानपिढ्या गोष्ट बदलतेच. (एक प्राध्यापक)

बदलते, मान्य. पण सर, लिहिलेली गोष्ट पहिल्याच दिवशी चुकीची असू शकते त्याचं काय? २५ जून १८७६ ला मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी अमेरिकन सैन्यातल्या कस्टर या अधिकाऱ्याची तुकडी लाकोटा, शायेन आणि अरापाहो लोकांनी पूर्ण कापून काढली. वर्तमानपत्रांत आणि चित्रांत छापून आलं की कस्टर आणि त्याचे जवान टेकडीवर पाय रोवून शेवटच्या गोळीपर्यंत लढले. लढाईत उतरलेले मूळ लोक सांगत होते की नाही, त्यांची फळी फुटली, घबराट झाली, आणि शेवट लवकर झाला, भुकेल्या माणसाला जेवायला लागतो तेवढा वेळ असं सांगितलं गेलं. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९८३ मधे तिथे गवताला आग लागून मैदान उघडं झालं आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ते इंचाइंचाने पालथं घातलं, प्रत्येक पुंगळी आणि गोळी कुठे पडली ते नकाशावर मांडलं. पुंगळीच्या बुडावर बंदुकीच्या चापाच्या खिळीचा ठसा उमटतो आणि तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा, त्यामुळे एकच बंदूक आधी इथे आणि मग तिथे झाडली गेली असा एकेका माणसाचा माग काढता आला. त्यातून दिसलं ते चित्र लाकोटा आणि शायेन लोकांच्या सांगण्याशी बरंच जुळलं, शिवाय त्यांच्याकडे भराभर झाडता येणाऱ्या रिपीटिंग रायफली होत्या आणि सैनिकांकडे एकेक गोळी भरायची कार्बाइन, हेही जमिनीत दिसलं.

असंच आर्क्टिकमधे १८४५ ला गेलेल्या फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजांचं झालं. खलाशी उपासमारीने एकमेकांना खाण्यापर्यंत गेले हे तिथल्या मूळच्या इन्युइट लोकांनी १८५४ मधे जॉन रे या ब्रिटिश संशोधकाला सांगितलं तर लंडनमधे त्या लोकांनाच खोटं ठरवलं. पुढे हाडांवर सुऱ्यांच्या खुणा निघाल्या, आणि २०१४ व २०१६ मधे दोन्ही जहाजं सापडली ती इन्युइटांनी दिलेल्या माहितीच्या आधारे. तपासल्याशिवाय कुठलंच मानू नका, एवढं तुमचं मला मान्य आहे, पण तपासणी दोन्ही बाजूंची सारखी करा.

प्रश्न : हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे परत मागून पुरून टाकणं म्हणजे विज्ञानाचं नुकसानच ना? (एक इंजिनिअर)

मीही बरीच वर्षं असंच मानत होते. शिकत असताना एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एका कवटीवर शाईने लिहिलेला नंबर पाहिला, कपाळावर, ठळक, आणि तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही हे आज खटकतं.

ऑस्ट्रेलियातल्या मुंगो सरोवराच्या कोरड्या काठावर जिम बोलर यांना १९६८ मधे एका बाईच्या जळलेल्या अस्थी आणि १९७४ मधे जवळच गेरू शिंपडून पुरलेला एक पुरुष दिसला, दोघांचं वय साधारण ४० हजार वर्षं. दहनाचा हा जगातला सगळ्यात जुना पुरावा मानतात. हे कळलं त्यात विज्ञानाचा मोठा वाटा आहेच. पण त्या बाईच्या अस्थी न विचारता एका सूटकेसमधे घालून नेल्या गेल्या. १९९२ मधे ती बाई परत आली तेव्हा तिला ठेवलेल्या तिजोरीला दोन कुलपं लावली, एक किल्ली तिथल्या वडीलधाऱ्यांकडे आणि दुसरी शास्त्रज्ञांकडे, मला हा तोडगा फार आवडतो. पुरुष २०१७ मधे परत गेला, शंभराहून जास्त पूर्वजांच्या अस्थींबरोबर, हजारो वर्षं जुन्या रेड गमच्या लाकडाच्या पेटीतून. २०२२ मधे दोघांना पुन्हा पुरलं, त्यावर तिथल्या लोकांतही मतभेद झाले, काहींना ते नको होतं.

आणि नुकसानीचं म्हणाल तर केनेविकच्या माणसाचं उदाहरण घ्या. १९९६ मधे अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी सापडलेला हा साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा. कवटीवरून काहींनी म्हटलं हा मूळ अमेरिकन वाटतच नाही, स्थानिक जमाती म्हणत होत्या हा आमचा पूर्वज, कोर्टकचेरी झाली, वीस वर्षं वाद चालला. २०१५ मधे डीएनए झाला, त्यासाठी त्या जमातींपैकी कोल्व्हिल लोकांनी तुलनेला स्वतःचे नमुने दिले, आणि निकाल जमातींच्या बाजूने आला. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याला पुरलं. विश्वासाने विचारलं की विज्ञानाला जास्त मिळतं असं मला तरी दिसतं.

प्रश्न : वसाहतीच्या काळाचं उत्खनन करायचं ते किल्ले आणि चर्चचंच, मूळ लोकांचं त्या काळातलं काय उरणार? (इतिहासाची एक शिक्षिका)

बाई, खूप उरतं, फक्त ते आपल्या ‘अस्सल प्राचीन’ या कल्पनेत बसत नाही म्हणून बाजूला टाकलं जायचं. १६८० मधे न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी उठाव केला, पोपे नावाच्या पुढाऱ्याने गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धावकऱ्यांच्या हाती पाठवल्या, रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची सुटली की उठायचं, आणि त्यांनी स्पॅनिश लोकांना बारा वर्षं हुसकून लावलं. त्या बारा वर्षांत डोंगरमाथ्यांवर बांधलेल्या गावांचे अवशेष आजही दिसतात.

आणि किंबर्ली टोकांबद्दल नक्की वर्गात सांगा. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात भाल्याची टोकं दगडातून घडवायचे, कडेने दाब देत बारीक बारीक ढलप्या काढून, इतकी सुबक की कडेला करवतीसारखे दाते येतात. इंग्रजांबरोबर बाटल्या आल्या, तारायंत्राचे खांब आले, तशी त्याच हातांनी तीच टोकं बाटलीच्या काचेतून आणि खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरमधून काढायला सुरुवात केली. पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटावर, ज्याचं मूळ नाव वाजेमप, साडेतीन हजारांहून जास्त मूळ पुरुष आणि मुलगे कैदेत ठेवले होते, शेकडो तिथेच मेले. त्या बेटावरही काचेची टोकं सापडलीत. घरापासून दूर, बेड्या घालून आणलेल्या माणसांनी फुटक्या बाटलीच्या बुडाची काच घेऊन ती घडवली. मी एका प्रदर्शनात असं एक किंबर्ली टोक पाहिलं होतं, फिकट हिरवं, बोटभर लांब. एका बाजूला बाटलीचा मूळचा गोलावा अजून शिल्लक होता आणि दुसरी बाजू पुरी घडवून झाली होती.